उशाशी जागणाऱ्याची साक्ष

(सावदा येथे एका स्मृतिदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



आयोजकांनी मला ‘तंबाखू आणि कॅन्सर’ असा विषय दिला होता. त्यावर तुम्ही पुष्कळ ऐकलं आहे आणि पुढेही ऐकाल. मी त्यांना विनंती करून त्या विषयाचा एक कोपरा मागून घेतला. तोंडाचा, घशाचा, मानेचा कॅन्सर झालेला माणूस रात्री झोपेत किंवा झोपेतून उठताना बेशुद्ध का पडतो, एवढंच आज बोलणार आहे. कोपरा लहान आहे, पण तिथे माणसं हकनाक जातात. कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून एकतीस वर्षं काम केल्यावर माझी खात्री झाली आहे की त्यांतली बरीच माणसं आमच्या औषधांअभावी जात नाहीत. घरात ज्यांनी सगळं पाहिलेलं असतं त्यांना कुणी विचारत नाही, म्हणून जातात.

गोष्टीनेच सुरुवात करतो. घरच्यांची परवानगी घेतली आहे, नाव-गाव सांगणार नाही. याच केळीच्या पट्ट्यातले एक साठीचे शेतकरी, त्यांना आपण आप्पा म्हणू. जिभेच्या मुळाशी डाव्या बाजूला कॅन्सर, आणि मानेत डावीकडेच लिंबाएवढी टणक गाठ. तुकडा काढून तपासणी झालेली होती, उपचाराची तारीख लागायची होती. आप्पा माझ्यासमोर खुर्चीत बसले आणि म्हणाले, “कमजोरी आहे, बाकी काही नाही.” मागे त्यांच्या मंडळी उभ्या होत्या. डोक्यावर पदर, हातात बाजाराची पिशवी. त्या हळूच म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, त्याहिले झोपीतच चक्कर येते.”

खरं सांगतो, माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. वहिनी, झोपलेल्या माणसाला चक्कर कशी येईल, स्वप्न पडलं असेल. पण मी ते बोलायच्या आत त्यांनी पिशवीतून एक पुडकं काढलं. केळीच्या काट्याच्या पावत्या होत्या. धाकटा मुलगा केळीच्या गाडीवर भरतीला जायचा, त्याच्या खिशातल्या. पुढच्या बाजूला घडांचं वजन आणि मागच्या कोऱ्या बाजूला वहिनींचं अक्षर. शाळा चौथीपर्यंत झालेली, त्यामुळे एकेक अक्षर वाटाण्याएवढं. पहिली पावती मला आजही तोंडपाठ आहे: “मंगळवार. रात्री २ वाजून १०. डाव्या अंगावर. थुंकी गिळली, कान दुखला म्हणे. पांढरे पडले. घाम. हात दोनदा उडाला. हाक दिली तर आले.”

अशा सहा पावत्या होत्या. पाचांवर ‘डाव्या अंगावर’ होतं. सहाव्या पावतीवर लिहिलं होतं, “बसून. पाणी पिताना.”

मी आप्पांना तिथेच कॉटवर झोपवलं. छातीला ईसीजीच्या तारा लावल्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, सुई लावून ठेवली आणि म्हटलं, “आप्पा, घरी झोपता तसं डाव्या कुशीवर वळा.” ते वळले. उशीची कड मानेतल्या गाठीखाली आली. दोनेक मिनिटं काही झालं नाही. मग त्यांनी आवंढा गिळला, कपाळाला आठी पडली, आणि मशीनमधून येणाऱ्या कागदावर नाडीचे ठोके लांब लांब पडायला लागले. पुढे चार सेकंद कागदावर नुसती सरळ रेघ होती. चेहरा राखेसारखा, वरच्या ओठावर घाम. आम्ही त्यांना पाठीवर उताणं केलं, पाय उचलले, तोवर ठोके परत आले होते. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, “झोप लागली होती का मले?”

आता हे कशामुळे होतं ते सांगतो. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या शेतात ठिबक आहे. बांधावर मोटरीपाशी वाळूचा फिल्टर असतो आणि त्याच्याशेजारी दाब दाखवणारा काटा. दाब वाढला की आपण मोटर कमी करतो किंवा जादा पाणी सोडून देतो. देवाने आपल्या मानेतही तसाच काटा बसवला आहे. हनुवटीखाली, घाटीच्या दोन्ही बाजूंना जी धमनी उडते ती कॅरोटिड. घाटीच्या वरच्या कडेशी ती दोन फांद्यांत फुटते, आणि त्या दुबेळक्यापाशी तिची भिंत जराशी फुगीर असते. त्या फुगीर जागेत दाब मोजणाऱ्या मज्जातंतूंची टोकं आहेत. दाब वाढला की ती मेंदूच्या देठाला खबर देतात. मेंदू व्हेगस नावाच्या लांब मज्जातंतूतून हृदयाला सांगतो, सावकाश चल, आणि अंगातल्या रक्तवाहिन्यांना सांगतो, सैल पडा.

आता कुणी त्या काट्यावर बाहेरून अंगठा दाबून धरला, तर काटा खोटाच वर चढेल. मोटर चालवणारा म्हणेल, दाब फार झाला, बंद करा. आणि पाणी सगळ्यात आधी कुठे तुटेल? शेवटच्या, उंचावरच्या नळीला. शरीरातली ती शेवटची नळी म्हणजे मेंदू. त्याचं रक्त सहा-आठ सेकंद तुटलं तरी माणसाची शुद्ध जाते. मानेतली कॅन्सरची गाठ म्हणजे त्या काट्यावरचा अंगठा. ती तिथे चिकटलेली असते, कधी धमनीला वेढून बसलेली असते. कूस बदलली, मान वळली, उशी दाबली, शर्टाचं वरचं बटण किंवा मफलर आवळला, की काटा हलतो.

पावतीवरची दुसरी खूण म्हणजे कानाचं दुखणं. ते तर माझ्यासारख्या माणसाने झोपेतही ओळखायला हवं. घशाच्या आणि जिभेच्या मुळाच्या संवेदना नेणारा मज्जातंतू, मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी नववा, तोच मानेतल्या दाबाच्या काट्याची खबरही वर नेतो. एकाच केबलमधल्या दोन वायरी म्हणा ना. वरचं आवरण कॅन्सरने खाल्लं की एका वायरीतला करंट दुसरीत उतरतो. आवंढा गिळताना घशातून कानापर्यंत कळ जाते, त्या कळेबरोबर मेंदूला दाबाची खोटी खबर पोहोचते आणि हृदय थांबतं. सहाव्या पावतीवर पाणी पिताना, बसलेले असताना जे झालं ते हेच. तेव्हा मानेवर उशीसुद्धा नव्हती.

मानेतली ही धमनी दाबली की माणूस गुंगतो, हे प्राचीन ग्रीकांना ठाऊक होतं. कॅरोटिड हे नावच त्यांच्या गुंगीच्या शब्दावरून आलेलं आहे. तिथला काटा नेमका कसा चालतो ते हाइनरिख हेरिंग या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात दाखवलं. याच जागेमुळे वारंवार बेशुद्ध पडणाऱ्या रुग्णांचं वर्णन बोस्टनच्या सोमा वाइस आणि जेम्स बेकर यांनी १९३३ साली केलं. बेल्जियमच्या कॉर्नेल हेमन्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं तेही मानेतल्या या यंत्रणेचा श्वासाशी असलेला संबंध उलगडला म्हणून. म्हणजे ज्ञान जुनं आहे. तरी खानदेशातल्या एखाद्या घरात रात्री दोनला माणूस पांढरा पडतो तेव्हा ते उपयोगी पडत नाही, याचं मला वाईट वाटतं.

इथे जरा थांबतो, कारण आज तुम्ही एकच गोष्ट घरी नेणार असाल तर ती ही असावी. उभ्या माणसाला भोवळ येणं आणि आडव्या माणसाची शुद्ध जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लग्नात उन्हात उभं राहून एखादी पोर पडते, रक्त बघून एखादा गडी पडतो. उभं असताना रक्त पायांत उतरतं, मेंदूला कमी पडतं, माणूस खाली येतो, आणि आडवा झाला की रक्त आपोआप डोक्याकडे परतून तो शुद्धीवर येतो. पडणं हाच त्याचा इलाज असतो. म्हणून अशा भोवळीत सहसा घाबरायचं कारण नसतं. पण जो माणूस आधीच आडवा आहे, त्याच्या बाबतीत हा इलाज वापरून झालेला असतो. त्यावरही त्याची शुद्ध गेली, तर कारण पायांत उतरलेलं रक्त नव्हे. बहुधा हृदयाचा ठोका चुकतो आहे, किंवा हृदयाला कुणीतरी चुकीचा हुकूम देतं आहे. “झोपेत चक्कर येते” हे वाक्य म्हणूनच हसण्यावारी न्यायचं नाही. वहिनींनी ते पहिल्याच दमात सांगितलं होतं.

मग हे रात्रीच का? दिवसाही होतंच, पण रात्र त्याला अनुकूल असते. गाढ झोपेत व्हेगसची सत्ता असते. धडधाकट माणसाचीही नाडी झोपेत मंदावते, रक्तदाब दिवसापेक्षा दहा-वीस टक्क्यांनी उतरतो. आधीच मंद चाललेल्या मोटरीला आणखी मंद हो म्हटलं की ती थांबायला वेळ लागत नाही. शिवाय घशाच्या रुग्णाला लाळ गिळता येत नाही, रात्री ती साचते आणि मग एकदम जोराने गिळावी लागते. कुशीवरून माणूस आपल्या नकळत वळतो, दिवसा जपलेली मान रात्री जपली जात नाही.

रात्री बेशुद्ध पडण्याची आणखीही कारणं या रुग्णांत असतात. गिळता येत नाही म्हणून पाणी पोटात जात नाही, वजन उतरतं, रक्तदाबाच्या गोळ्या मात्र जुन्याच मापाने चालू राहतात. असा माणूस रात्री लघवीला उठला की मोरीच्या दारातच कोसळतो. वेदनेसाठीचं मॉर्फिन चालू असेल तर अधिकच जपायला हवं. मानेला शेक दिल्यानंतर, म्हणजे रेडिएशननंतर, काही वर्षांनी कधीकधी तो दाबाचा काटाच निकामी होतो. रक्तदाब कधी एकदम वर, कधी एकदम खाली. शेकानंतर थायरॉइड ग्रंथी मंदावू शकते, आणि ती बाब वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. घसा सुजलेला किंवा आखडलेला असेल तर झोपेत श्वास अडतो. घोरणं चाललेलं असतं, मग अचानक सामसूम, छाती वर-खाली होते पण हवा आत जात नाही, आणि अखेर मोठा आवाज करून माणूस दचकून उठतो. गळ्याला नळी बसवलेली असेल तर कफाने ती बंद होऊ शकते, तिथे तर मिनिटंसुद्धा महत्त्वाची. यांतली प्रत्येक गोष्ट वेगळी, तिचा इलाज वेगळा. आणि दवाखान्यात दिवसा अकरा वाजता माझ्यासमोर बसलेला माणूस या सगळ्यांत एकसारखाच दिसतो. थकलेला, ओशाळलेला, “कमजोरी आहे” म्हणणारा. त्याला स्वतःला काही आठवतच नाही, कारण त्या वेळी तो शुद्धीत नव्हता. रात्रीचा साक्षीदार दुसराच असतो.

आता एक कबुली. नोकरीच्या सुरुवातीला मी एका तालुक्याच्या ठिकाणी होतो. एक माणूस आला, गालाचं ऑपरेशन झालेला, मानेत पुन्हा गाठ. रात्री झटके येतात म्हणून आणलेला. बायको सांगत होती की आधी पांढरे पडतात, मग हात-पाय उडतात, अर्ध्या मिनिटात उठून बसतात आणि मला ओळखतात. मी अर्धंच ऐकलं. झटके म्हणजे फिट, असं ठरवून फिटच्या गोळ्या लिहिल्या आणि सलाइन लावायला सांगितलं. तो दीड महिन्याने गेला, पहाटे, अंथरुणातच. मला आज ठाऊक आहे की मेंदूला रक्त कमी पडलं तरी हात-पाय दोन-चारदा उडतात. मिरगीत चेहरा बहुतेकदा लालसर-निळा होतो, जीभ कडेला चावली जाते, आणि नंतर माणूस बराच वेळ भानावर नसतो. हृदय थांबून शुद्ध जाते तेव्हा चेहरा पांढरा पडतो, आणि रक्त परतलं की माणूस लगेच ओळख देतो. ती बाई हेच सांगत होती. निदान तिने केलं होतं, मी ते लिहून घेतलं नाही.

आपल्याकडे रात्री असं झालं की काय करतात ते मी घराघरात पाहिलं आहे. नाकाला कांदा लावतात, चप्पल हुंगवतात, दातखीळ बसेल म्हणून तोंडात चमचा घालतात, शुद्धीवर आणायला तोंडात पाणी ओततात. उठवून बसवतात आणि पाठीशी उशी लावतात. कुणी बाहेरची बाधा म्हणून उतारा टाकतात. यामागे माया असते, हे मी जाणतो. पण घशाच्या रुग्णाच्या तोंडात बेशुद्धीत ओतलेलं पाणी थेट फुप्फुसात जातं. आणि बसवलेल्या माणसाच्या मेंदूचं रक्त आणखी तुटतं.

त्याऐवजी एवढं करा. गाठीच्या बाजूवरून माणसाला हलकेच उताणं वळवा, मानेवरचं कापड, बटण, दोरा, ताईत सैल करा, पाय दोन उशांवर उचला. उलटी आली किंवा लाळ जमली तर गाठीच्या विरुद्ध कुशीवर वळवा. मान चोळू नका, गाठ दाबून बघू नका. मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजा. करोनात घेतलेला बोटाला लावायचा छोटा चिमटा ज्यांच्या घरी आहे त्यांनी तो लावा, त्यातला नाडीचा आणि ऑक्सिजनचा आकडा लिहून ठेवा. मिनिटभरात शुद्ध आली नाही, श्वास नीट चालत नसेल, किंवा गळ्याच्या नळीतून हवा येत नसेल, तर १०८ ला फोन करा. ही गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून फुकट येते. श्वास आणि नाडी दोन्ही नसतील तर छातीच्या मधोमध दाब द्यायला लागा, गाडीची वाट बघत बसू नका.

आणि मग, माणूस शुद्धीवर आला की, लगेच लिहा. सकाळी लिहू म्हणालात तर निम्मं विसराल. किती वाजले, कोणत्या कुशीवर होते, झोपेत की उठताना, गिळणं, खोकणं, लघवी यांपैकी काय चाललं होतं, कुठे दुखत होतं, रंग कसा झाला, किती वेळात ओळखलं. वहिनींना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी जे दिसलं तेच लिहिलं, पदरचं एक अक्षर घातलं नाही. माझ्या हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरांना मी त्या पावत्यांच्या झेरॉक्स प्रती देतो.

विचारण्याचं मोल आपल्याच एका माणसाने जगाला दाखवून दिलेलं आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर, जन्म १८९५. परळला टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं तेव्हापासून तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख. त्यांनी सांघवी आणि राव या सहकाऱ्यांबरोबर १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विडी ओढणारे, तंबाखू खाणारे, दोन्ही करणारे, काहीच न करणारे, यांपैकी कुणाला तोंडाच्या आणि घशाच्या कोणत्या जागी कॅन्सर होतो, याचा तो हिशेब होता. त्या हिशेबाच्या मुळाशी काय होतं? रुग्णांना विचारलेले प्रश्न. काय खाता, किती खाता, कधीपासून खाता. पुढे १९८७ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, तिचेही कार्यकर्ते गावोगावी जाऊन विचारतच होते.

तंबाखूबद्दल मी फार बोलणार नाही म्हटलं होतं, पण गप्पही राहवत नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले शंभरातले सव्वीस-सत्तावीस प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, आणि त्यांतले बहुतेक ओढणारे नव्हेत, खाणारे किंवा लावणारे होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरी माझ्याकडे येणाऱ्या विशीतल्या पोरांच्या तोंडात दोन बोटं जात नाहीत. आणि आपल्या बाया मिसरी लावतात तिला कुणी व्यसन म्हणतच नाही. सकाळी चुलीपाशी तंबाखू भाजली जाते, अंगणात लेकी-सुना दातांना ती घासत बसतात, आणि सासू नातीच्या बोटालाही थोडी लावून देते. दात दुखतो म्हणून सुरू होतं आणि मग मिसरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, इथवर जातं. बहिणींनो, घरातल्या माणसाची तंबाखू सोडवायला निघालेल्या तुमच्यातल्या कितीजणींच्या कनवटीला मिसरीची डबी आहे, ते तुम्ही मला सांगू नका. आरशासमोर जाऊन जीभ वर करून एकदा बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, एका कानात विनाकारण दुखणं, मानेत न दुखणारी गाठ. यांतलं काहीही दिसलं तर दवाखाना गाठा. जळगावात २०१८ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पहिली तपासणी तिथे होते. ऑपरेशन, शेक, औषधं यांचा मोठा भाग महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो, तिचे कागद आधी गोळा करा.

आपली माणसं अजूनही बहुतेक परळचाच रस्ता धरतात. भुसावळहून रात्रीची गाडी, पहाटे दादर, जागा मिळाली तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम. या प्रवासाबद्दल एक विनंती आहे, ती मला अनुभवाने सुचलेली आहे. मानेत गाठ असलेल्या आणि कधी शुद्ध हरपलेल्या माणसाला वरच्या बर्थवर चढवू नका. खालचा बर्थ घ्या, गाठीची बाजू वर राहील असं झोपवा, घोटभर पाणी थोड्या थोड्या वेळाने द्या, आणि सोबतच्या दोघांनी आळीपाळीने जागं राहावं. शौचालयाकडे एकट्याला जाऊ देऊ नका, कडी तर लावूच देऊ नका.

इलाजाचं थोडक्यात सांगतो. हृदय थांबत असेल तर कधी पेसमेकर बसवतात. पण तो ठोक्याची काळजी घेतो, सैल पडलेल्या रक्तवाहिन्यांची नाही. ज्यांच्यात दोन्ही होतं त्यांची शुद्ध पेसमेकर बसवूनही जाऊ शकते, हे घरच्यांना आधी कळलेलं बरं. घशातून कानात जाणाऱ्या कळेवर काही गोळ्या चालतात. पाणी, मीठ, रक्तदाबाच्या गोळ्यांचं माप बदलणं, झोपायची बाजू बदलणं, ही सगळी डॉक्टरला विचारून करायची कामं. पण खरा इलाज एकच. काट्यावरचा अंगठा उचलायचा, म्हणजे गाठ कमी करायची.

आप्पांचं तेच झालं. पावत्या आणि ती कागदाची पट्टी पाहून त्यांना लगेच दाखल करून घेतलं गेलं. शेक सुरू झाला. तिसऱ्या आठवड्यात गाठ निम्म्यावर आली आणि चक्कर येणं थांबलं. ते उजव्या कुशीवर झोपायला शिकले, पायथ्याशी वहिनी. पुढे दर महिन्याला ते दाखवायला यायचे. एकदा घरच्या बागेतली केळ्यांची एक फणी घेऊन आले, नको म्हटलं तरी टेबलावर ठेवून गेले. वहिनी पावत्या आणायच्याच. कोऱ्या नसायच्या. त्यांवर तारीख आणि एकच ओळ असायची, “रात्र बरी गेली.” मी म्हणायचो, आता नका लिहू वहिनी. त्या हसायच्या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पुडकं काढायच्या.

अकराव्या महिन्यात त्या एकट्याच आल्या, आप्पांना न घेता. आप्पा म्हणाले होते, मला काही झालेलं नाही, येण्याची गरज नाही. गाठ हाताला लागत नव्हती. वजन वाढलेलं होतं, जेवण चाललेलं होतं. वहिनींनी माझ्यासमोर एकच पावती ठेवली: “शुक्रवार. पहाटे ४. उजव्या अंगावर असून. आवंढा गिळला. कान. थोडे पांढरे. हाक द्यायच्या आत आले.”

मी त्याच दिवशी स्कॅन लिहून दिला. धमनीच्या मागे, हाताला न लागणाऱ्या जागी, रोग परतलेला होता, अजून लहान होता. आप्पा त्यानंतर दोन वर्षं आणि काही महिने राहिले. शेवटचे दिवस घरीच गेले, खाटेवर, खिडकीतून केळीची बाग दिसेल अशा ठिकाणी. ते गेले त्या रात्रीचीही पावती वहिनींनी लिहिली होती. तेराव्यानंतर मुलाच्या हाती ती माझ्याकडे पाठवली. वेळ होती, कूस होती, हात थंड कधी पडले ते होतं. खाली लिहिलं होतं, “कळ आली नाही. डॉक्टरसाहेबांना सांगावे.”